बड्याचा सीना धुरावर शिजवायचाय: चोळायचा मसाला कोणता आणि किती?

खारघर_निखारा
शनिवारी मुंब्र्याहून म्हशीच्या सीन्याचा एकसंध तुकडा आणायचाय, हाडं काढलेला, अंदाजे २ किलो. गोल झाकणाचा ग्रिल आहे. कोळसा एका कडेला, मांस दुसऱ्या कडेला आणि दिवसभर मंद धूर, असा बेत आहे. ब्रिस्केटच्या, म्हणजे सीन्याच्याच, अमेरिकन कृती पाहिल्या. कुणी नुसतं मीठ-मिरी सांगतं, कुणी ब्राउन शुगर आणि पाप्रिकासकट दहा जिन्नस. घरात मालवणी आणि गोडा मसाला ताजा आहे, तो चालेल का? आलं-लसणाचं वाटण आणि कच्ची पपई लावून रात्रभर ठेवू का? साखरेऐवजी गूळ? आणि मीठ नेमकं किती?

कोपरी_कोळसा
त्या कृती गोमांसाच्या आहेत. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानंतर गायीबरोबर बैल आणि वळूही बंद झाले, त्यामुळे इथे सीना म्हणजे म्हशीचाच. फरक चरबीत आहे. म्हशीच्या मांसात आतले चरबीचे धागे फार थोडे असतात, वरचा थरही पातळ. टेक्सासमध्ये मीठ-मिरीवर भागतं ते वितळणाऱ्या चरबीच्या जोरावर. आपल्याला थोडी भर घालावी लागते, पण थोडीच.

मीठ चमच्याने मोजू नका, वजन करा. तिकडचं जाड दाण्यांचं कोशर मीठ फोफसं असतं, एक छोटा चमचा ३ ते ५ ग्रॅम भरतो. आपलं बारीक मीठ तेवढ्याच चमच्यात ६ ग्रॅम. कृतीतले चमचे जसेच्या तसे घेतले की खारट होतं ते यामुळे. किलोला १२ ग्रॅम धरा, म्हणजे २ किलोला २४. हे मीठ एकटंच आदल्या दिवशी चोळा आणि तुकडा जाळीवर, न झाकता, फ्रिजमध्ये ठेवा. सुटलेलं पाणी मीठ विरघळवून पुन्हा आत मुरतं आणि पृष्ठभाग कोरडा होतो. खरपूस कवच या कोरडेपणावर धरतं.

बाकी सगळं ग्रिलवर ठेवायच्या तासभर आधी: मिरी १२ ग्रॅम, ब्याडगी मिरचीची पूड ५ ग्रॅम, धणे भाजून जाडसर कुटलेले ५ ग्रॅम, लसूण पावडर ४ ग्रॅम. मिरी खलबत्त्यात कुटा, एका दाण्याचे चार-पाच तुकडे व्हावेत इतकीच. मग रव्याच्या चाळणीतून गाळा. वर राहील ती मांसाला, खाली पडेल ती रश्श्याला. बारीक पूड मांसाच्या पाण्यात कालवली जाऊन चिखलासारखा थर बनवते आणि आठ तासांत कडवट होते. जाड दाण्यांमुळे पृष्ठभाग खडबडीत राहतो, त्यावर धूर छान बसतो.

ओलं वाटण नकोच. ते वाळेपर्यंत कवच धरत नाही आणि लसणाचे कण वरच्या वर करपतात. पपई तर मुळीच नको. तिचा पाचक रस फक्त वरचे काही मिलिमीटर खातो. तिथलं मांस पिठूळ होतं आणि आतला चिवटपणा तसाच राहतो. सीना मऊ होतो तो त्यातलं कोलॅजेन, म्हणजे मांसाला चिवट करणारं प्रथिन, तासन्‌तास उष्णतेत विरघळून. त्याला दुसरा उपाय नाही.

घणसोली_पाटा
मसाल्यांबद्दल. गोडा आणि मालवणी या दोन्हींत लवंग, दालचिनी, दगडफूल असतं. लवंगेतलं युजेनॉल आणि लाकडाच्या धुरातलं ग्वायकॉल ही एकाच घराण्यातली रसायनं. दोन्ही एकावर एक चढली की मांसाला दातांच्या दवाखान्याचा वास येतो. रश्श्यात हाच मसाला सुंदर लागतो, कारण तिथे धूर नसतो. इथे धूर स्वतःच एक मसाला आहे, त्याची जागा त्याला द्या. हळदही टाळा, तिची उग्र चव मोडायला जे तेल आणि पाणी लागतं ते या कोरड्या थरात नाही.

गूळ चालतो, पण २ किलोला १० ग्रॅमच्या वर नको. त्यात ग्लुकोज-फ्रुक्टोज असल्याने तो साखरेच्या आधी काळा पडतो, आणि कोळशाकडची कड हमखास जळते. पावसाळ्यात गूळ घातलेला मसाला बरणीत दगड होतो, म्हणून त्याच दिवशी मिसळा.

खारघर_निखारा
म्हणजे मालवणी पूर्ण बाद? चव अगदीच परकी व्हायला नको. आणि मसाला चिकटायला मोहरीची पेस्ट लावायची का?

घणसोली_पाटा
पूर्ण बाद नाही, जागा बदला. शिजताना मांसाखाली ठेवलेल्या थाळीत गळलेला रस गाळून घ्या, त्यात दोन चमचे मालवणी, चिंचेचा कोळ आणि पाणी घालून पाच मिनिटं उकळा. कापल्यावर तो वरून घ्यायचा. शिवाय चोळायच्या मसाल्यात धणे आणि ब्याडगी आहेतच, त्यामुळे चव परकी लागणार नाही. मोहरीचा पातळ हात चालेल, पण मीठ मुरलेल्या मांसाला नुसत्या तेलाचा बोट-दोन बोटं हातही पुरतो.

कोपरी_कोळसा
मसाला नीट असूनही कवच बिघडतं ते पुढच्या चुकांमुळे. ग्रिल ११० ते १२० अंशांवर ठेवा. पहिले तीन तास पाणी किंवा व्हिनेगर फवारू नका, मसाला धुऊन जातो. आतलं तापमान ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान तासन्‌तास अडकेल. पृष्ठभागावरून पाणी उडताना मांस थंड होत राहतं, घामाने अंग गार होतं तसं. तेव्हा कोळसा वाढवू नका. नखाने खरवडून पाहा: मसाला निघत नसेल तर तुकडा गुंडाळायची वेळ झाली. म्हशीला इथे चरबीची मदत हवी, म्हणून कसायाकडून गुर्द्याची चरबी १०० ग्रॅम मागून वितळवून ठेवा आणि ती कागदावर लावून गुंडाळा. कागद साधा, मेण किंवा प्लास्टिकचा लेप नसलेला. फॉइलमध्ये वाफ कोंडते आणि कवच भिजून सुटतं.

आतलं तापमान ९३ ते ९६ अंशांना पोचलं की सळई लोण्यात शिरावी तशी शिरली पाहिजे. शिरत नसेल तर आकड्याकडे न बघता अजून ठेवा, वयस्क म्हशीला जास्त वेळ लागतो. नंतर गुंडाळलेलाच तासभर आइसबॉक्समध्ये, बर्फाशिवाय. कापताना धाग्यांना आडवं, पेन्सिलच्या जाडीचं.

कळवा_खाडी
लाकूड ठरवूनच मिरीचं प्रमाण ठरवा. बाभळीचा धूर तिखट, तिच्यासोबत मिरी ८ ग्रॅमवर आणा. आंबा किंवा पेरू सौम्य, त्यांना १२ पूर्ण चालते. लाकूड सुकं हवं. ओलसर असेल तर पांढरा दाट धूर येतो आणि त्याची काजळी मसाल्यावर बसून सगळं कडू करते. धूर निळसर, जेमतेम दिसेल इतका असावा. पॅकिंगच्या फळ्या, प्लायवूड, रंग लावलेलं काही जाळू नका. आणि हे बाल्कनीत करू नका, सोसायटीच्या गच्चीची परवानगी आधीच काढून ठेवा, आठ तासांचा धूर आहे.