शब्दचर्चा : विंटेज, क्लासिक, स्वार, घाट आणि आयल ऑफ मॅनच्या शर्यती

धागा : अनुवादिका

मंडळी, मदत हवी आहे. आयल ऑफ मॅन बेटावर जुन्या मोटरसायकलींच्या ज्या शर्यती होतात, त्यांवर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहायला घेतलाय. माहिती हाताशी आहे, पण दर दुसऱ्या ओळीला शब्दाशी ठेच लागतेय.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. हे बेट इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात मोटारींना ताशी २० मैलांची मर्यादा होती आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावायला परवानगी नव्हती. बेटाची संसद मात्र वेगळी, तिचं नाव टिनवाल्ड. तिने १९०४ मध्ये कायदा करून शर्यतीपुरते रस्ते बंद करायची सोय केली. १९०७ मध्ये मोटरसायकलींची पहिली टूरिस्ट ट्रॉफी म्हणजे टीटी झाली आणि १९११ मध्ये ती डोंगरावरून जाणाऱ्या ३७.७३ मैलांच्या मार्गावर गेली. अजूनही तोच मार्ग आहे. हौशी लोकांची शर्यत १९२३ मध्ये सुरू झाली, १९३० पासून तिला मँक्स ग्रां प्री म्हणतात ('मँक्स' म्हणजे या बेटाचं). ती ऑगस्टच्या शेवटी असते आणि तिच्यात १९८३ पासून जुन्या गाड्यांसाठी वेगळ्या शर्यती आहेत.

तर प्रश्न असे. 'विंटेज मोटरसायकल'ला काय म्हणू? 'रोड रेसिंग'चं 'रस्ता शर्यत' केलं की पीडब्ल्यूडीची निविदा वाटते. रायडरला 'दुचाकीस्वार' म्हणवत नाही, कारण पेपरात दुचाकीस्वार नेहमी ट्रकखालीच सापडतो. आणि 'माउंटन कोर्स'चं 'पर्वतीय अभ्यासक्रम' असं एका मशीनने करून दिलंय, ते वाचून दोन दिवस हसतेय.

शुद्धमराठी

'विंटेज'साठी 'पुरातन' आणि 'क्लासिक'साठी 'अभिजात' असे चांगले शब्द असताना इंग्रजीची उसनवारी कशाला? 'अभिजात मोटरसायकल' ऐकायलाही भारदस्त वाटतं. रायडर म्हणजे 'आरोहक'.

जावावाला

अभिजात दर्जा मराठीला २०२४ मध्ये मिळाला, आता नॉर्टन या जुन्या ब्रिटिश मोटरसायकलसाठीही केंद्राकडे प्रस्ताव पाठवू या. :)

गंमत सोडा. अडचण अशी की विंटेज आणि क्लासिक ही नुसती कौतुकाची विशेषणं नाहीत, त्यांना सनावळी आहे. ब्रिटनमध्ये जुन्या मोटरसायकलवाल्यांचा व्हिंटेज मोटर सायकल क्लब १९४६ चा. त्या जुन्या वर्गवारीत १९१४ पर्यंतची गाडी 'व्हेटरन', १९१५ ते १९३० मधली 'विंटेज', त्यानंतरची दुसऱ्या महायुद्धापर्यंतची 'पोस्ट-विंटेज'. म्हणजे १९५५ ची मँक्स नॉर्टन, जिला बघून आपण सगळे 'काय विंटेज गाडी आहे!' म्हणू, ती या हिशेबाने विंटेज नाहीच, क्लासिक आहे. मँक्स ग्रां प्रीतल्या जुन्या गाड्यांच्या शर्यतींच्या नावातही 'क्लासिक' आहे, 'विंटेज' नाही. तेव्हा लेखात आधी तेवढं बघून घ्या.

आपल्याकडे उलट. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी विंटेज. तिला नंबरप्लेटवर 'व्हीए' ही वेगळी अक्षरं मिळतात. म्हणजे माझ्या घरची म्हैसूरला बनलेली जावा मोटरसायकल कायद्याने विंटेज आणि इंग्लंडच्या क्लबवाल्यांच्या जुन्या यादीत पोरसवदा. 'पुरातन' म्हटलं तर हा सगळा फरक वाहून जातो. शिवाय पुरातन वस्तू पुरातत्त्व खात्याकडे असते, तिच्यात कोणी पेट्रोल भरत नाही.

शुद्धमराठी

'विंटेज' हा शब्द मुळात द्राक्षांच्या हंगामाचा, मूळ लॅटिन. नाशिकवाल्यांनी तो दारूसाठी वापरावा. मोटरसायकलला कशाला?

जावावाला

इंग्रजांनीही दारूवरूनच उचलून मोटारीला लावला की. त्यांचं चाललं, मग आपलंही चालेल. बाजारात 'विंटेज साडी'सुद्धा मिळते आता, ती कोणत्या हंगामाची ते विचारू नका.

माझं मत : दोन्ही शब्द देवनागरीत तसेच ठेवा, पहिल्यांदा येतील तिथे सनासकट फोड करा, आणि बाकी लेखात सरळ 'जुन्या गाड्या' म्हणा. बेटावरची माणसंही एरवी 'जुनी सिंगल' (म्हणजे एकसिलिंडर), 'जुनी नॉर्टन' असंच बोलतात.

घाटकरी

मी जुन्नरकडचा. मोटरसायकलचं मला फार कळत नाही, पण 'माउंटन कोर्स'वर एक सुचवतो. या शर्यतीत सगळे एकदम सुटतात का?

अनुवादिका

नाही. ठरावीक सेकंदांच्या अंतराने एकेकाला सोडतात, लढत घड्याळाशी. आधी पोचणारा जिंकेलच असं नाही.

घाटकरी

मग ही आमच्या बैलगाड्याच्या घाटासारखी झाली! सातारा-सांगलीकडे गाड्या शेजारीशेजारी पळतात, गट, सेमी, फायनल असं चालतं. आमच्याकडे पुणे जिल्ह्यात एका वेळी एकच गाडा सुटतो, खाली झेंडा, वर घड्याळ, सेकंदांवर निकाल. जिथे पळतो त्या चढाला 'घाट' म्हणायचं, प्रत्येकाची पाळी म्हणजे 'बारी', आणि सगळ्यांत कमी वेळ नोंदवणारा 'घाटाचा राजा'. माझ्या मते 'माउंटन'ला पर्वत म्हणू नका, 'घाट' म्हणा.

अनुवादिका

हे भारीच! आणि योगायोग बघा, २६ टीटी जिंकलेल्या जोई डनलॉपला तिकडे 'किंग ऑफ द माउंटन' म्हणायचे. 'घाटाचा राजा' जसाच्या तसा बसतो. (त्याचा आकडा २०२४ मध्ये त्याच्या पुतण्याने, मायकल डनलॉपने मागे टाकला.)

लिव्हरपूलहून

'घाट'ला माझा जोरदार पाठिंबा, आणि तो मी तिथे उभा राहून आल्यामुळे देतोय. लिव्हरपूलहून बोट जाते, त्यामुळे आम्हाला ते सोपं पडतं.

मार्गाचा पूर्वार्ध गावांतून, झाडीतून जातो. डग्लसच्या ग्रँडस्टँडपासून निघून ब्रे हिलचा उतार, पुढे युनियन मिल्स, बॅलाक्रेन, ग्लेन हेलन, मग कर्क मायकलची अरुंद गल्ली. तिथे घरांचे दरवाजे अक्षरशः शर्यतीच्या रस्त्यावर उघडतात. बॅलॉ पुलावर गाडीची दोन्ही चाकं जमीन सोडतात. सल्बीची लांब सरळ पट्टी झाली की रॅमसे, आणि रॅमसेच्या हेअरपिनपासून घाट सुरू. समुद्राजवळून रस्ता चढत चढत चारशे मीटरच्या वर जातो आणि मग क्रेग-नी-बा पर्यंत उतार. धुकं उतरलं की सगळं थांबतं, कारण वर मदतीचं हेलिकॉप्टर उडू शकत नाही. पावसाळ्यात वरंधा घाटातून गेलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

'पर्वत' शब्दाला माझा आक्षेप आणखी एका कारणाने. बेटाचा सर्वोच्च डोंगर स्नेफेल ६२१ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. स्नेफेलला पर्वत म्हटलं तर अकोले तालुक्यातली माणसं रागावतील.

घाटकरी

वरंधा घाट काढलात म्हणून विचारतो. एका व्हिडिओत तिथलं एक वळण 'वरंधा' असं ऐकू आलं. माझे कान वाजले का?

लिव्हरपूलहून

'व्हरांडा'! स्नेफेलच्या कुशीतली एकामागोमाग चार उजवी वळणं, त्यांना व्हरांडा म्हणतात. आणि त्याच्या पुढे थोड्या अंतरावर चक्क 'बंगलो' आहे, पूर्वी तिथे त्या नावाचं हॉटेल होतं. बंगलो म्हणजे आपला बंगलाच, आणि व्हरांडाही इंग्रजांनी हिंदुस्थानातूनच नेला. घाटमाथ्यावर आधी व्हरांडा मग बंगला, बांधकाम उलटं झालंय एवढंच. लेखात या दोन नावांचं भाषांतर करू नका, वाचणाऱ्याला आपोआप ओळख पटेल.

क्रेग-नी-बा हे मात्र मँक्स भाषेतलं, अर्थ 'गाईचा खडक'. या भाषेचा शेवटचा जन्मजात भाषिक १९७४ मध्ये गेला, आता शाळांमधून ती पुन्हा शिकवतात. बेटाला त्या भाषेत 'एलन व्हॅनिन' म्हणतात. इंग्रजी नावातल्या 'मॅन'चा माणसाशी संबंध नाही, तेव्हा 'मानवद्वीप' कोणी सुचवायच्या आत सांगून ठेवतो.

शुद्धमराठी

मी सुचवणार नव्हतो. 'मानद्वीप' सुचवणार होतो.

जावावाला

अवांतर : नावांवरून आठवलं. १९११ मध्ये घाटमार्गावर पहिली सीनियर (मोठ्या इंजिनांची) टीटी झाली तिच्यात पहिल्या तिन्ही गाड्या 'इंडियन' होत्या. लेखात नीट लिहा, नाहीतर व्हॉट्सअपवर 'भारतीयांनी १९११ मध्येच इंग्रजांना हरवलं' असं फिरायला लागेल. इंडियन ही अमेरिकन कंपनी, आणि जिंकलेला ऑलिव्हर गॉडफ्री इंग्रज.

खरा भारतीय संबंध आत्ताचा आहे. नॉर्टन २०२० पासून चेन्नईच्या टीव्हीएसकडे आहे आणि बीएसए हे दुसरं जुनं ब्रिटिश नाव महिंद्रांच्या क्लासिक लीजंड्सकडे. जावाचं म्हणाल तर १९६२ च्या ज्युनियर (३५० सीसीच्या) टीटीत फ्रांटिशेक श्तास्तनी जावावर तिसरा आला होता. पहिला माइक हेलवुड, दुसरा गॅरी हॉकिंग, दोघंही एमव्ही अगुस्तावर. आमच्या जावाप्रेमी मंडळींत हे कोणाला माहीतच नसतं.

अनुवादिका

हेलवुडवर मोठा परिच्छेद आहे. १९६१ च्या एका आठवड्यात तीन शर्यती जिंकला. १२५ आणि २५० सीसी होंडावर, ५०० मँक्स नॉर्टनवर. चौथीही खिशात होती, ३५० मध्ये एजेएसवर पुढे असताना शेवटच्या फेरीत गजन पिन तुटली. 'गजन पिन'ला काय म्हणू?

जावावाला

गजन पिनच. कोणत्याही गॅरेजमध्ये जा, हेच म्हणतात. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणारी खीळ, एवढं एकदा सांगून पुढे चला.

पण मँक्स नॉर्टनसाठी आपल्याकडे एक शब्द तयार आहे : धक्कास्टार्ट. तिला किक नाही, सेल्फ तर नाहीच. त्या काळी शर्यतीची सुरुवातच बंद इंजिनाने व्हायची. झेंडा पडला की गाडी गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून ढकलत पळायचं, दोनचार पावलांवर क्लच सोडायचा, इंजिनाने आवाज दिला की एका बाजूने सीटवर बसायचं आणि पळत्या गाडीवर पाय पलीकडे टाकायचा. पाचशे सीसीचा एकच पिस्टन, ८६ मिलिमीटर व्यासाचा. वेळ साधली नाही तर मागचं चाक नुसतं घासत जातं. 'पुश स्टार्ट'चं 'ढकल-प्रारंभ' केलंत तर मी अंक परत करीन.

लिव्हरपूलहून

आता पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या तयार करतात त्या आवारात, बऱ्याच जणांकडे रोलर असतात, मागचं चाक त्यावर ठेवून इंजिन फिरवतात. पण धक्कास्टार्टही दिसतो. आणि त्याबरोबर येतो तो वास! जुन्या शर्यतीच्या इंजिनांत एरंडेलाचं तेल घालत, काही जण अजून घालतात. कॅस्ट्रॉल हे नावच कॅस्टर म्हणजे एरंडावरून पडलंय. लहानपणी ज्या वासाने आपण पळून जायचो, तो घ्यायला तिथे लोक जत्रेला आल्यासारखे येतात.

घाटकरी

रायडरचं काय ठरलं? आमच्याकडे गाड्यापुढे घोडी पळते, तिच्यावरच्याला स्वारच म्हणतात.

शुद्धमराठी

'आरोहक' मागे घेतो. 'स्वार' चांगला आहे. फारसी मूळ आहे, पण शिवकाळापासून रुळलेला.

जावावाला

गोव्यात मोटरसायकल टॅक्सीवाल्याला 'पायलट' म्हणतात, तो शब्द मला फार आवडतो. पण इथे गोंधळ होईल. 'दुचाकी' गाळून नुसता 'स्वार' ठेवा, अपघाताच्या बातमीचा वास जातो.

लिव्हरपूलहून

वास पूर्ण जाऊ देऊ नका. या मार्गावर आजवर अडीचशेहून जास्त स्वार गेलेत. १९७२ मध्ये गिल्बर्टो पार्लोत्ती गेल्यावर त्याचा मित्र, इटलीचा नामांकित स्वार आगोस्तिनी याने तिथे पुन्हा शर्यत केली नाही, आणि १९७६ नंतर टीटीचा जागतिक अजिंक्यपदाचा दर्जाच गेला. त्यांच्याबद्दल लिहिताना 'ठार' नको आणि 'हुतात्मा' तर मुळीच नको. 'शर्यतीत गेला' पुरे. बेटावरची माणसं याबद्दल फार बोलत नाहीत, एखाद्या दगडी कुंपणावर नावाची छोटी पाटी असते.

अनुवादिका

धरते लक्षात. आता 'रोड रेसिंग'. 'स्ट्रीट रेसिंग' म्हटलं की रात्री हमरस्त्यावर सायलेन्सर काढून फिरणारी आणि पोलिसांनी धरलेली पोरं डोळ्यांपुढे येतात. तो अर्थ नकोय.

लिव्हरपूलहून

'बंद रस्त्यांवरची शर्यत' म्हणा, लांब झालं तरी चालेल. बंद असणं हाच मुद्दा आहे. एकदा रस्ता बंद झाला की तुम्ही ज्या बाजूला उभे असाल त्या बाजूलाच अडकता, समोरच्या दुकानातून पाव आणायचा तर शर्यत संपेपर्यंत थांबा. मार्शल, म्हणजे रस्त्यावर बंदोबस्त ठेवणारे, स्वयंसेवक असतात, त्यांचा शब्द मोडता येत नाही. संध्याकाळी रस्ता उघडला की त्याच वळणावरून दूधवाल्याची व्हॅन जाते.

घाटकरी

'लॅप'ला 'बारी' घेणार ना?

अनुवादिका

मोह होतोय, पण बारी म्हणजे पाळी आणि लॅप म्हणजे वेढा. एका बारीत चारचार वेढे होतील. 'फेरी' ठेवते. १९५७ मध्ये बॉब मॅकिन्टायरने गिलेरावर ताशी १०० मैलांची पहिली फेरी मारली, एकसिलिंडर गाडीवर ते डेरेक मिंटरला १९६० मध्ये साधलं. त्या सरासरीने एक फेरी साधारण २२ मिनिटं ३८ सेकंदांत होते.

जावावाला

फक्त ते 'लोक फेरीने येतात' असं वाक्य जवळपास येऊ देऊ नका. बोटीला 'बोट'च म्हणा.