किनाऱ्यापासून दूर दिसलेला पांढऱ्या पट्ट्याचा स्टॉर्म पेट्रेल: ओळख कशी पटवावी आणि नोंद कशी करावी?

प्रश्न

मे महिन्याच्या अखेरीस, उत्तर गोलार्धात, किनाऱ्यापासून सुमारे ४० सागरी मैलांवर एक लहान, काळपट स्टॉर्म पेट्रेल (खोल समुद्रावर वावरणारा छोटा पक्षी) बोटीच्या मागून उडताना थोडा वेळ दिसला. शेपटीच्या बुडाशी ठळक पांढरा पट्टा होता, पाय शेपटीबाहेर आलेले दिसले नाहीत आणि एका फोटोत शेपटीला खाच स्पष्ट दिसते. त्यामुळे हा नेहमीचा विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल नसून या पाण्यात दुर्मिळ असलेला लीचेस असावा, असे मला वाटते. फोटो मोजके आणि थोडे धूसर आहेत. एवढ्यावर ओळख ठरेल का, आणि दुर्मिळ नोंदी तपासणाऱ्या समितीकडे नेमके काय पाठवावे?

उत्तर १

आपण दिलेल्या दोन्ही खुणा फसव्या आहेत. विल्सन्सचे लांब पाय उडताना शेपटीच्या मागे डोकावतात हे खरे, पण तो ते पोटाशी आखडूनही घेतो, त्यामुळे पाय न दिसणे हा काहीच पुरावा नाही. उलट ते दिसले आणि बोटांमधले पिवळे पडदे टिपले गेले, तर प्रश्न तिथेच मिटतो. शेपटीची खाचही एका फोटोवरून मानू नये. वळण घेताना शेपटी पिळवटते किंवा मधली पिसे झडलेली असतात, आणि विल्सन्सच्या चौकोनी शेपटीलाही त्या क्षणापुरती खाच पडल्यासारखी दिसते.

त्यापेक्षा पांढरा पट्टा बारकाईने पाहा. विल्सन्समध्ये तो रुंद असतो आणि दोन्ही बाजूंनी खाली उतरून शेपटीखालच्या भागाच्या कडांपर्यंत पोहोचतो, म्हणून पक्षी बाजूने दिसला तरी पांढरा रंग नजरेत भरतो. लीचेसमध्ये तो बाजूंना फारसा उतरत नाही आणि पुष्कळदा त्याच्या मधून एक अंधूक करडी रेघ गेलेली असते. मात्र फोटोत प्रकाश जास्त झाला असेल तर पांढरा रंग पसरतो आणि ती रेघ पुसली जाते, तेव्हा मूळ फाइल उघडून पट्ट्याच्या कडा तपासा. लीचेसच्या पंखावरची फिकट पट्टी मनगटाजवळ, म्हणजे पंख जिथे वाकतो तिथे, पंखाच्या पुढच्या कडेपर्यंत जाते. विल्सन्सची त्याआधीच संपते.

उडण्याची ढबही लिहून काढा. विल्सन्स पाकोळीसारखा हलक्या फडफडीने उडतो आणि खाद्य टिपताना पाण्यावर पाय आपटत जणू चालतो. लीचेस लांब, कोनात वाकवलेल्या पंखांनी उसळ्या घेत अचानक दिशा बदलतो.

प्रश्नकर्ता

फाइल्स पुन्हा पाहिल्या. दोन फोटोंत पांढरा रंग बाजूने बराच खाली उतरलेला आहे आणि दोन्ही पंखांत आतली काही प्राथमिक पिसे (पंखाच्या टोकाकडची उडण्याची मोठी पिसे) गळाल्यामुळे फट पडलेली दिसते. पंखावरची पट्टी मात्र उन्हाच्या चमकेत हरवली आहे.

उत्तर १

मग माझा कल स्पष्टपणे विल्सन्सकडे आहे. तो अंटार्क्टिक आणि उपअंटार्क्टिक भागात वीण करून उत्तरेकडे येतो, आणि आपल्या तारखेच्या सुमारास त्याची पंखांची पिसे बदलत असणे अपेक्षित असते. उत्तरेत वीण करणाऱ्या प्रौढ लीचेसची वेळ पुष्कळ नंतरची असते. वीण न करणारे कोवळे पक्षी लवकर पिसे बदलू शकतात, म्हणून केवळ त्या फटीवर मी निर्णय दिला नसता. पट्ट्याचा आकार आणि फट एकत्र धरूनच हे मत देतो आहे.

उत्तर २

नोंदीबद्दल लिहितो. फोटो कापून किंवा उजळून पाठवू नयेत. धूसर फोटोंसह सर्व मूळ फाइल्स क्रमाने द्याव्यात, कारण एका नेटक्या फोटोपेक्षा सलग मालिकेतून पंखांचा आकार आणि उडण्याची ढब अधिक कळते. कॅमेऱ्याचे घड्याळ जीपीएसशी जुळवलेले नसेल, तर जीपीएसच्या पडद्याचा एक फोटो काढून ठेवावा, म्हणजे फरक नंतर काढता येतो. १० नॉट वेगाची बोट तासाभरात १८.५ किलोमीटर पुढे जाते. संपूर्ण प्रवासासाठी एकच ठिकाण नोंदवले, तर पक्षी कुठे होता हे कोणालाच सांगता येणार नाही. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर खोल समुद्रातील याद्या तासाभराच्या तुकड्यांत करायला सांगतात, त्यामागचे कारण हेच आहे.

वाऱ्याचा जोर, लाटा, ऊन कोणत्या बाजूने होते, पक्ष्याचे अंतर आणि आकाराची तुलना करायला जवळ दुसरा पक्षी होता का, हेही लिहावे. एकट्या पक्ष्याच्या आकाराचा समुद्रावरचा अंदाज समिती फारसा धरत नाही, आणि ते योग्यच आहे. बोटीवर इतर निरीक्षक असतील, तर त्यांनी एकमेकांशी चर्चा करण्यापूर्वी आपापली टिपणे लिहावीत.

उत्तर ३

धूसर फोटोही टाकून देऊ नयेत, यासाठी न्यूझीलंड स्टॉर्म पेट्रेलचे उदाहरण पुरेसे आहे. एकोणिसाव्या शतकातील तीन नमुन्यांवरूनच माहीत असलेला हा पक्षी नामशेष मानला जात होता. २००३ च्या जानेवारीत समुद्रावर काढलेल्या फोटोंमुळे तो जिवंत असण्याची शक्यता पुढे आली, नोव्हेंबरमधल्या फोटोंनी तिला बळ दिले आणि पुढे पकडलेल्या पक्ष्यांचा डीएनए जुन्या नमुन्यांशी ताडून पाहण्यात आला. न्यूझीलंडच्या लिटल बॅरियर बेटावर त्याची वीण होते हे २०१३ मध्ये सापडले.

आपल्या पक्ष्याबाबत ‘विल्सन्स, बहुधा’ असे टिपणात लिहून फाइल्स जोडाव्यात. समितीचे त्याने समाधान झाले नाही, तर ‘स्टॉर्म पेट्रेल, जात अनिश्चित’ अशी नोंदही ग्राह्य असते.