विहिरीला पेट्रोलचा वास, अहवालात मात्र ‘बेन्झिन आढळले नाही’. नमुना पुन्हा कसा घ्यावा?

नमस्कार, मदत हवी आहे.

घरची विहीर आहे आणि तिच्यापासून तीसेक फुटांवर बोअर. वरच्या अंगाला इंधनाची जुनी, जमिनीत पुरलेली टाकी आहे. दोन महिन्यांपासून विहिरीचं पाणी ढवळलं की पेट्रोलचा वास येतो, वर रंगीत तवंग दिसतो. लोहाच्या जिवाणूंमुळे आलेला तवंग काडी लावली की तुकडे होऊन फुटतो, असं वाचलं होतं. आमचा लगेच पुन्हा जुळतो.

पाणी तपासून घेतलं. बेन्झिन म्हणजे पेट्रोलमधला एक घातक घटक, त्यासमोर अहवालात ‘बेन्झिन: आढळले नाही’. तरी जीव थाऱ्यावर नाही, कारण नमुना मीच नेला होता. प्लास्टिकची रिकामी बाटली, पोहऱ्याने वरचं पाणी घेऊन पाऊण भरलेली, दुपारभर तापल्या गाडीत. शिवाय अहवालात तळाला लिहिलंय की ५० मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खालचं त्यांना मोजता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची बेन्झिनची मर्यादा १० आहे. म्हणजे ४० असतं तरी उत्तर हेच आलं असतं ना?

घरात लहान मुलं आहेत. पिणं बंद केलंय, अंघोळ त्याच पाण्याने चालू आहे. उकळून चालेल का? आणि नमुना विहिरीचा घ्यावा की बोअरचा?

प्रतिसाद

शंका रास्त आहे, तो अहवाल धरू नका. बेन्झिन उडून जातं. पाऊण बाटलीत वर राहिलेल्या हवेत ते गेलं आणि झाकण उघडताच संपलं.

प्रयोगशाळेकडूनच ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या मागा, टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या झाकणाच्या. आत थोडं आम्ल घातलेलं असतं, ते धुऊन टाकू नका. बारीक धारेने काठोकाठ भरा, झाकण लावून उलटी करा, टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर नवी कुपी घ्या. लगेच बर्फात, साधारण ४ अंशांवर. आम्ल असलेला नमुना १४ दिवसांच्या आत तपासला गेला पाहिजे. डिझेलचीही शंका असेल तर त्यासाठी गडद काचेची मोठी बाटली वेगळी लागते. देण्याआधी विचारा, ‘किती मायक्रोग्रॅमपर्यंत मोजता?’ ५ किंवा त्याहून कमी म्हणाले तरच द्या.

दोन्हींचे नमुने घ्या, आधी बोअरचा, मग विहिरीचा, म्हणजे घाण इकडून तिकडे जाणार नाही. बोअरमध्ये साचलेलं पाणी आधी काढावं लागतं: १५ सेंटिमीटर व्यास आणि २० मीटर पाणी म्हणजे सुमारे ३५० लिटर, त्याच्या तिप्पट. नमुना घरच्या पाण्याच्या टाकीच्या अलीकडच्या नळातून घ्या. विहीर मात्र उपसू नका, जोराचा उपसा दूषित पाणी आणखी ओढून आणू शकतो. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, म्हणून तवंगाचा नमुना वेगळा आणि खालच्या पाण्याचा वेगळा. त्या दिवशी गाडीत पेट्रोल भरून थेट विहिरीवर जाऊ नका, हातांचंही नमुन्यात उतरतं. प्रयोगशाळेतून शुद्ध पाण्याने भरलेली एक बंद कुपी सोबत घेऊन तशीच परत द्या. तिच्यात बेन्झिन निघालं तर ते वाटेतलं समजायचं.

उकळू नका, बंद स्वयंपाकघरात ती वाफ श्वासात जाते. गरम पाण्याच्या अंघोळीचंही तेच, मुलांची तरी आजपासून थांबवा. आणि वास गेला म्हणून निर्धास्त होऊ नका, मर्यादेच्या कितीतरी पट बेन्झिन असलं तरी नाकाला कळत नाही.

टाकी आणि तुमच्या विहिरीच्या मध्ये आणखी कुणाची विहीर आहे का? असेल तर त्यांना आधी सांगा, ते पाणी पीत असतील.