मदत हवी आहे: यकृतात ४.२ सेंमीची गाठ, ‘साधी’ म्हणतात, पण कुठली ते कळत नाही

निशिगंध:
धाकट्या बहिणीचे रिपोर्ट आहेत. वय ३४, वजन ७८ किलो, उंची १५५ सेंमी. पित्ताशयात खडे आहेत का हे बघायला सोनोग्राफी केली. खडे नाहीत, पण यकृताच्या सेगमेंट ६ मध्ये ४२ × ३८ मिमीची गाठ निघाली. रिपोर्टमध्ये लिहिलंय, ‘हायपोएकोइक (काळपट दिसणारी) गाठ, फॅटी लिव्हर ग्रेड २, हेमँजिओमा किंवा अ‍ॅडिनोमा असू शकेल.’ एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) ५२, बिलिरुबिन नॉर्मल, एएफपी (यकृताच्या कॅन्सरसाठी बघतात ती रक्ततपासणी) ३.१, हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह. दारू नाही. माला-डी (गर्भनिरोधक गोळ्या) सहा वर्षं चालू आहे. एकीकडे ‘साधी गाठ आहे, विसरून जा’ म्हणाले, दुसरीकडे सुई घालून तुकडा तपासू म्हणतात. तुकडा काढावा का? कोणता स्कॅन करावा? आणि पुढे कॅन्सर होण्याची शक्यता खरोखर किती? तिला दीड-दोन वर्षांत मूल हवं आहे.

काळीजरेघ:
तुकडा आत्ता काढू देऊ नका. हेमँजिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता. त्यात सुई गेली तर रक्तस्राव होऊ शकतो, आणि बहुतेक वेळा चांगला एमआरआय तुकडा न काढताही गाठीचं नाव सांगतो.

‘साधी गाठ’ या दोन शब्दांत तीन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात, सगळा घोळ तिथेच होतो. हेमँजिओमा सगळ्यांत जास्त आढळतो आणि त्याचा कॅन्सर होत नाही. दुसरी एफएनएच, म्हणजे फोकल नोड्युलर हायपरप्लेशिया. यकृताच्याच पेशी एका बिघडलेल्या रक्तवाहिनीभोवती जास्त वाढलेल्या असतात. तिचाही कॅन्सर होत नाही, गोळ्यासुद्धा बंद कराव्या लागत नाहीत. तिसरा अ‍ॅडिनोमा, यकृताच्या पेशींचीच गाठ. तिघांत कॅन्सरकडे जाऊ शकणारा हा एकच, आणि फुटून पोटात रक्तस्राव होण्याची खरी भीतीही याचीच. तुमच्या बहिणीचं वय, वजन आणि सहा वर्षांच्या गोळ्या पाहता ‘विसरून जा’ हा सल्ला मला पटत नाही.

सोनोग्राफीत नाव का ठरलं नाही? हेमँजिओमा सहसा पांढराशुभ्र दिसतो. पण चरबीमुळे आजूबाजूचं यकृतच पांढरट झालं असेल, तर तोच हेमँजिओमा त्याच्यापुढे काळपट वाटतो. म्हणजे ‘हायपोएकोइक’ या एका शब्दावरून घाबरायचं कारण नाही, आणि त्यावरून निश्चिंतही होता येत नाही.

गाभारा:
स्कॅनबद्दल सांगते. नुसत्या ‘पोटाचा सीटी’ या चिठ्ठीवर जाऊ नका. बऱ्याच ठिकाणी त्यात कॉन्ट्रास्टनंतर (स्कॅनसाठी शिरेतून देतात ते औषध) एकदाच, साधारण ७० सेकंदांनी फोटो घेतात. तेवढ्यात या तीन गाठी वेगळ्या करता येत नाहीत, आणि पैसे गेले ते गेलेच. कॉन्ट्रास्ट गाठीत कधी शिरतो आणि कधी बाहेर पडतो, यावर निदान असतं. सीटीच करायचा असेल तर ट्रायफेजिक हवा: सुमारे ३५ सेकंदांनी धमनीची फेज, ७० सेकंदांनी शिरेची, ३ ते ५ मिनिटांनी उशिराची.

हेमँजिओमात कडेला तुटक, गोळ्यागोळ्यांसारखा उजेड पडतो आणि मिनिटागणिक आत सरकत गाठ भरत जाते. एफएनएच धमनीच्या फेजमध्ये एकदम सगळीकडून उजळते आणि शिरेच्या फेजमध्ये आजूबाजूच्या यकृतात मिसळून जाते. मधोमध चांदणीसारखा व्रण असतो, तो उशिरा उजळतो. गाठ ३ सेंमीपेक्षा लहान असेल तर हा व्रण बरेचदा दिसतच नाही.

तुमच्या केसमध्ये मात्र मी सीटीऐवजी थेट एमआरआय सांगेन, तोही गॅडोक्सेटेट कॉन्ट्रास्टचा (प्रिमोव्हिस्ट नावाने मिळतो). हा कॉन्ट्रास्ट यकृताच्या पेशी शोषून घेतात. २० मिनिटांनी पुन्हा फोटो घेतला की एफएनएच यकृताइतकीच किंवा जास्त उजळ राहते, अ‍ॅडिनोमा सहसा काळा पडतो. काही अ‍ॅडिनोमा कॉन्ट्रास्ट धरून ठेवतात, म्हणून या एका फोटोवर निकाल लावायचा नाही. गाठीत चरबी आहे का हेही एमआरआयमध्येच नीट कळतं.

आणि एएफपी ३.१ आलं म्हणून तो प्रश्न मिटला असं समजू नका. यकृताचा कॅन्सर असूनही एएफपी नॉर्मल असलेले रुग्ण भरपूर असतात. तरुण वयात होणारा फायब्रोलॅमेलर कॅन्सर तर मधल्या व्रणामुळे एफएनएचसारखाच दिसतो आणि त्यात एएफपी बहुधा नॉर्मलच असतं. एमआरआयच्या ‘टी२’ प्रकारच्या फोटोत एफएनएचचा व्रण पांढरा दिसतो, फायब्रोलॅमेलरचा काळा. रेडिओलॉजिस्टला हे मुद्दाम बघायला सांगा.

काळीजरेघ:
अ‍ॅडिनोमा ठरला तर शक्यता किती, ते सांगतो. सगळे अ‍ॅडिनोमा एकत्र धरले तर कॅन्सर होण्याचं प्रमाण साधारण ४ ते ५ टक्के. पण हा सरासरीचा आकडा फसवा आहे, कारण धोका सगळ्यांत सारखा वाटलेला नाही. ५ सेंमीपेक्षा लहान गाठीत तो फार कमी असतो. एचएनएफ१ए या जनुकात बदल असलेल्या प्रकारात गाठ चरबीने भरलेली असते आणि तिचा धोका बराच कमी. बीटा-कॅटेनिन जनुकाच्या एक्झॉन ३ या भागात बदल असलेल्या प्रकारात तो सगळ्यांत जास्त. एमआरआयवरून प्रकार ठरत नसेल किंवा या प्रकाराची शंका असेल, तेव्हा तुकडा काढण्याला अर्थ आहे. तोही यकृताचं काम नेहमी करणाऱ्या केंद्रात, आणि पॅथॉलॉजीत ग्लुटामाइन सिंथेटेज, एलएफएबीपी, सीआरपी यांचे स्टेन (अ‍ॅडिनोमाचा प्रकार ओळखायच्या रंग-तपासण्या) होणार असतील तरच.

बाईला ५ सेंमीच्या आतला अ‍ॅडिनोमा असेल तर गोळ्या बंद, वजन कमी, आणि ६ महिन्यांनी पुन्हा एमआरआय. ५ सेंमी किंवा जास्त झाला, अथवा व्यास २० टक्क्यांनी वाढला, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. ४२ मिमीचे २० टक्के म्हणजे साडेआठ मिमी, म्हणजे तिच्यासाठी दोन्ही रेषा ५० मिमीपाशीच येतात. म्हणून मोजमाप काटेकोर हवं. आजची सोनोग्राफी आणि उद्याचा एमआरआय यांची तुलना करून ‘४ मिमी वाढली’ असं कुणी म्हणालं तर लगेच धसका घेऊ नका, दोन तंत्रांत तेवढा फरक पडतोच. प्रत्येक वेळी डायकॉम सीडी (स्कॅनचे मूळ फोटो असलेली) मागून घ्या.

गोळ्यांसाठी मात्र एमआरआयची वाट बघू नका. हे पाकीट संपलं की दुसरं सुरू करू नका. माला-डीत इस्ट्रोजेन आहे, आणि अ‍ॅडिनोमा त्यावर वाढू शकतो. साहेली या दुसऱ्या गर्भनिरोधक गोळीत तसं हार्मोन नाही, पण यकृताच्या तक्रारीत तीही टाळतात. तांबी हा सरळ पर्याय आहे.

वाटसरू_पुणे:
आकाराचा हाच नियम पुरुषांना लागतो का? वय २८, जिममध्ये स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतलेली, ३ सेंमीचा अ‍ॅडिनोमा.

गाभारा:
नाही, आणि हे फार महत्त्वाचं आहे. पुरुषांत कॅन्सरचा धोका बराच जास्त, म्हणून आकार कितीही असो, काढून टाकण्याचाच सल्ला देतात. इंजेक्शनं आजच बंद करा आणि यकृताच्या सर्जनकडे जा.

आणखी एक गट वेगळा धरायचा. सिरोसिस किंवा जुना हिपॅटायटिस बी असेल तर वर लिहिलेलं काहीच लावू नका. तिथे नवी घट्ट गाठ दिसली की कॅन्सर नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असंच धरून तपास करतात.

निशिगंध:
खूप आधार वाटला. गरोदरपणाचं काय? आणि घरात गुळवेलीचा काढा सुरू करायचं चाललंय, गाठ विरघळते म्हणून.

काळीजरेघ:
काढा देऊ नका, कळकळीने सांगतो. गाठ त्याने विरघळत नाही, आणि गुळवेलीमुळे यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली आहे. एसजीपीटी आधीच ५२ आहे, त्यात ही भर नको. फॅटी लिव्हरसाठी वजन ७ ते १० टक्के, म्हणजे साडेपाच ते आठ किलो उतरवलं तर यकृत आणि गाठ दोन्हींना फायदा आहे.

हेमँजिओमा किंवा एफएनएच निघाली तर गरोदरपणाला आडकाठी नाही. ५ सेंमीच्या आतल्या अ‍ॅडिनोमातही नाही, फक्त दर ६ ते १२ आठवड्यांनी सोनोग्राफी करायची. त्याहून मोठा असेल तर गर्भधारणेआधीच काय ते ठरवावं. मधल्या काळात उजव्या बरगडीखाली एकाएकी जोराची कळ आली, खांद्यात दुखलं, घाम फुटून चक्कर आली, तर ओपीडीची वाट न बघता १०८ ला फोन करा. फुटलेल्या अ‍ॅडिनोमात आधी एम्बोलायझेशनने (रक्तवाहिनी आतून बंद करून) रक्त थांबवतात, कापाकापी नंतर.

गाभारा:
चिठ्ठीवर ‘यकृताचा डायनॅमिक एमआरआय, गॅडोक्सेटेटसह, २० मिनिटांची फेज’ असं पूर्ण लिहून घ्या आणि माला-डी किती वर्षं घेतली तेही लिहायला लावा. रेडिओलॉजिस्टला ते सहसा कुणी सांगत नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आधी करून ठेवा, ४ ते ६ तास उपाशी जा. या कॉन्ट्रास्टने काहींना नेमकं धमनीच्या फेजमध्येच क्षणभर धाप लागते, श्वास सुटतो आणि महत्त्वाचा फोटोच हलतो. म्हणून घरी आडवं पडून, श्वास सोडून १५ ते २० सेकंद थांबायचा सराव चार दिवस करून जा म्हणावं.