अनुभव धागा : गाडीच्या जादा लाईटी घरच्या घरी दुरुस्त करताना

गगनबावडा, आंबा, फोंडा, आंबोली. कोल्हापुरातनं कोकणात कुठूनही उतरायचं म्हटलं तरी घाट आहेच आणि पावसाळ्यात घाटात धुकं आहेच. पाऊस सरला की ऊसतोड सुरू होते. रात्री रस्त्यावर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असतात आणि कित्येकांना मागं लाल दिवाच नसतो. म्हणून इकडं मोटरसायकलला जादा लाईटी लावणारे बरेच आहेत.

या लाईटी बंद पडल्या की दुकानात सरळ नवी जोडी हातात मिळते. माझं म्हणणं असं, की दिवा बहुतेक वेळा शाबूत असतो. बिघाड वायरीत, अर्थिंगमध्ये नाहीतर फ्यूज होल्डरमध्ये असतो आणि तो घरी शोधता येतो. तुम्ही कसा शोधला ते सविस्तर लिहा. गाडी कुठली हे नाही सांगितलं तरी चालेल. सुरुवात मी करतो.

फुलेवाडी (धागाकर्ता)

हँडल डावीकडं पूर्ण वळवलं की दोन्ही लाईटी जायच्या, सरळ केलं की परत यायच्या. गाडी मेन स्टँडला लावली, किल्ली ऑन केली, लाईटी चालू ठेवल्या आणि हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. लाईटी जाताना सीटखालनं रिलेचा (हँडलवरच्या स्विचच्या बारीक करंटवर लाईटींची जाड लाईन जोडणारा-तोडणारा डबा) ‘टक’ असा आवाज यायचा. त्या आवाजानं निम्मं काम केलं. रिलेच्या ३० नंबरला बॅटरीकडनं फ्यूजमधून वायर येते आणि ८७ वरनं लाईटींना जाते. ही जाड लाईन तुटली असती तर रिले वाजलाच नसता. रिले सुटतोय म्हणजे ८५-८६ ची, म्हणजे रिलेच्या आतल्या कॉइलची, स्विचकडं जाणारी बारीक लाईन तुटतेय.

ती वायर हँडलच्या मानेजवळनं जाते आणि दर वळणाला दुमडते. वरचं प्लास्टिक अगदी धडधाकट दिसत होतं. दोन बोटांत धरून थोडी थोडी ओढत गेलो. एका जागी प्लास्टिक रबरासारखं ताणलं आणि बारीक झालं. आत तांबं तुटलेलं होतं. तिथंच जोड दिला नाही. सोल्डर केलेली वायर जोडाच्या कडेला कडक होते आणि हलत्या जागी पुन्हा तिथंच तुटते. हेडलाईटच्या डूमपासून स्विचपर्यंत नवा तुकडा घातला, जोड डूमच्या आत घेतला आणि मानेजवळ वायर सैल सोडली.

राजारामपुरी

मी वायरमन आहे, म्हणून फ्यूजबद्दल लिहितो. २० वॉटच्या दोन लाईटी म्हणजे ४० वॉट. १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअरच्या आत. ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. ५५ वॉटच्या जुन्या दोन हॅलोजन असतील तर नऊच्या वर जातं, तिथं १५ चा लागतो आणि वायरही तेवढी जाड लागते. फ्यूज होल्डर बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा, कारण बॅटरी ते फ्यूज एवढ्या वायरीला राखण नसते.

पुतण्याच्या गाडीचा फ्यूज सारखा उडायचा. कुणीतरी त्याला फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालून दिली. मग फ्यूज उडायचा थांबला आणि वायर तापायला लागली. टाकी उतरवून बघितलं, तर टाकीच्या बुडाशी वायर फ्रेमवर घासून उघडी पडली होती. तेवढा भाग बदलला, वर स्लीव्ह चढवली, टाय मारून जागेवर बसवली. फ्यूज परत ५ चा. कृपा करून तार घालू नका. वर पेट्रोलची टाकी असते.

साळवण

पहाटे डेअरीला दूध घालायला जातो, आमच्याकडचा पाऊस सगळ्यांना ठाऊकच हाय. माझ्या लाईटीत पाणी साठायचं. काचेला आतनं वाफ धरली की उजेड निम्मा. सगळे म्हणायचे, काचेभोवती सिलिकॉन फिरव. पण पाणी काचेकडनं येतच नव्हतं. लाईट तापलेली असते, वर गार पाऊस पडला की आतली हवा आकसते आणि जिथं फट मिळंल तिथनं पाणी वडून घेते. फट होती मागं, जिथं वायर आत शिरते तिथं.

लाईट खोलली, उन्हात वाळवली, रबर साफ करून बसवलं आणि फक्त वायरीच्या तोंडाशी सिलिकॉन लावला. दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावला न्हाई. एक ध्यानात ठेवा. आंबट वास येणारा सिलिकॉन नको, त्यातनं निघणारं आम्ल तांबं खातं. आणि मागं हवेसाठी बारीक भोक, पांढरी चकती असेल तर ती बुजवू नका. वॉशिंगला गाडी दिली की पाण्याची गन लाईटीवर जवळनं मारू नका म्हणून सांगा.

कसबा बावडा

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, कारखान्यात शिफ्ट असते, रात्री उशिरा एकटी परत येते. एका लाईटीतले सहापैकी तीन एलईडी एकदम गेले. एकाच वेळी तीन खराब होणं अवघड, म्हणून संशय आला. तीन-तीन एलईडी एका ओळीत जोडलेले असतात, ओळीतला एक गेला की तिघं विझतात. मल्टिमीटर डायोडवर ठेवून एकेकाला टोकं लावली. दोन मंद उजळले, मधला उजळला नाही. तोच गेलेला.

खरी अडचण पुढं आली. एलईडी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर असतात आणि ती पट्टी सगळी उष्णता पिऊन टाकते. २५ वॉटच्या सोल्डरिंग गननं टिन वितळेना. मग जुनी इस्त्री उलटी करून विटांच्या मधे घट्ट बसवली आणि तापल्यावर पट्टी वर ठेवली. टिन चमकायला लागल्याबरोबर चिमट्यानं जुना एलईडी उचलला, नवा ठेवला आणि इस्त्री बंद केली. गार होईपर्यंत पट्टी हलवली नाही. प्लस-मायनसची खूण आधी मार्करनं करून ठेवली होती. बसवताना पट्टीच्या मागं थर्मल पेस्ट लावली. ती नसेल तर उष्णता बाहेरच्या बॉडीत जात नाही आणि नवा एलईडीही लवकर जातो.

उद्यमनगर

ताई, झकास काम! माझं छोटं होतं. सकाळी बॅटरी उतरलेली असायची, लाईटी मात्र बंद. लाईटींची लाईन किल्लीवरनं होती, पण रिलेची कॉइल थेट बॅटरीवरनं घेतलेली होती आणि स्विच चालू राहिला की रात्रभर ओढत राहायची. कॉइल साधारण दीडशे मिलिअँपिअर घेते, म्हणजे दहा तासांत दीड अँपिअर-अवर. पाच अँपिअर-अवरच्या बॅटरीला एवढं पुष्कळ झालं. आता कॉइल टेललाईटच्या वायरीवरनं घेतलीय. किल्ली काढली की सगळं बंद.

गडहिंग्लज

दादा, एक विचारायचं होतं. वडिलांची जुनी १०० सीसी गाडी आहे. हेडलाईटच्याच वायरीवरनं एलईडी जोडून मिळाल्या. गाडी उभी असताना फडफडतात, रेस केली की ठीक होतात. लाईट बदलू का?

फुलेवाडी (धागाकर्ता)

भावा, आत्ता बदलू नकोस. जुन्या बऱ्याच छोट्या गाड्यांत हेडलाईट बॅटरीवर नसते, मॅग्नेटोच्या (इंजिनबरोबर फिरून वीज करणारा भाग) एसीवर चालते. एलईडीला डीसी लागतं. इंजिन चालू ठेवून हेडलाईटच्या वायरीवर मल्टिमीटर एसीला लावून बघ. तिथं आकडा आला की कारण कळलं. मग लाईटी बॅटरीवरनं, फ्यूज आणि रिले घालून घे. त्याआधी इंजिन चालू असताना बॅटरीवर डीसी किती येतं तेही बघ. रेस दिल्यावर चौदाच्या आसपास जायला हवं. लाईटी लावल्यावरही साडेतेराच्या वर टिकलं तर बिनधास्त वापर. बारापर्यंत उतरलं तर त्या गाडीला एवढा भार झेपत नाही, कमी वॉटची एकच लाईट लाव. आकडे इथं टाक, बघून सांगतो.