मदत हवी आहे: आईची बायपास होऊन वर्ष उलटलं, अजून अंगात ताकद येत नाही

नमस्कार मंडळी,

आई ६४ वर्षांची, मधुमेह जुना. गेल्या वर्षी बायपास झाली. छातीतली एक धमनी आणि पायातल्या शिरा वापरून तीन ग्राफ्ट, म्हणजे रक्ताला तीन नव्या वाटा. टाके भरलेत, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला आहे. पण जिना चढला की दम लागतो, शीर काढलेला पाय संध्याकाळी सुजतो आणि छातीची डावी बाजू बधिर असते, मधूनच तिथे आग होते. कणीक मळता मळता थांबते, परात सरकवते आणि तळहात छातीवर दाबून उभी राहते. दम लागतो हे डॉक्टरांना सांगितलंय, स्ट्रेस टेस्ट (हृदयावर ताण देऊन करायची तपासणी) ठरली आहे. बधिरपणाबद्दल ते म्हणाले, धमनी सोडवताना तिथल्या बारीक नसा दुखावतात, काहींना हा त्रास बराच काळ राहतो.

बाबांचीही बायपास झाली आहे, आधीच. ते तीन महिन्यांत स्कूटरवर होते. त्यामुळे घरी येणारा प्रत्येक जण आईला ऐकवतो, "त्यांच्याकडे बघा, तुम्ही मनावरच घेत नाही." हल्ली ती दुखतंय हे सांगतच नाही. मला याचा फार त्रास होतो.

म्हणून वाचायला लागले. अमेरिकेत २०११ ते २०२० मधल्या सुमारे १३ लाख बायपासच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात बायका जेमतेम एक चतुर्थांश. ऑपरेशनच्या आसपास दगावण्याचं प्रमाण बायकांत २.८ टक्के, पुरुषांत १.७, आणि दहा वर्षांत ही तफावत कमी झाली नाही. बायकांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या बारीक असतात, ऑपरेशनपर्यंत वय वाढलेलं असतं, सोबत शुगर-बीपी असतं. नंतर पुन्हा छातीत दुखणं, पुन्हा अॅडमिट व्हावं लागणं, उदास वाटणं हेही त्यांच्यात जास्त. कार्डियाक रिहॅबला, म्हणजे हृदयाच्या पेशंटना देखरेखीखाली व्यायाम करवून घेतात तिथे, मात्र त्याच कमी पाठवल्या जातात. म्हणजे हा आईचा आळस नाही.

आणि घरातलं काम कुणी हिशेबात धरतच नाही. बाबा सकाळी मैदानावर मित्रांबरोबर चालायचे, घरी आले की चहा हातात. आईला "जड उचलू नका" एवढंच सांगितलं होतं. भरलेला कुकर, गादी, उंच दोरीवर वाळत घालायचे पिळलेले कपडे हे जड आहे, असं तिलाही वाटलं नाही. ब्लाउजची हुकं नेमकी टाक्यांच्या रेषेवर येतात, ती सुरुवातीला किती टोचली असतील. डिस्चार्जच्या कागदावर त्याबद्दल एक ओळ नव्हती.

आता विचारायचं ते असं. सांगली, मिरज, कोल्हापूर भागात बायपासनंतरचं रिहॅब नीट देखरेखीखाली कुठे होतं? शक्यतो बाई फिजिओथेरपिस्ट हवी, आई पुरुषांसमोर छातीचे व्यायाम करत नाही. वर्षानंतर सुरू करून कुणाला फायदा झालाय का? डावीकडची आग कशाने कमी झाली? आणि ती गप्प गप्प असते त्यासाठी समुपदेशकाकडे न्यायचं म्हटलं तर "मी वेडी नाही" म्हणते. तुम्ही आपल्या आईला, सासूबाईंना कसं तयार केलंत?

औषधं डॉक्टरच ठरवतील, ती इथे सुचवू नका. अनुभव लिहिताना पेशंट बाई की पुरुष, वय, शुगर आहे का आणि ऑपरेशनला किती काळ झाला ते जरूर लिहा. वाट बघते.