जुन्या फ्लॅटमध्ये गिझर कोणता: गॅस की लाईटवरचा?

सदाशिवपेठ_तिसरा मजला
आमची इमारत १९७८ची. आजवर हीटिंग रॉडवर भागवलं. परवा सासूबाई (वय ७९) पाणी तापलं का बघायला रॉड चालू असतानाच बादलीत हात घालणार होत्या, मी ओरडले म्हणून थांबल्या. आता गिझर बसवायचाच. बाथरूम चार बाय सहा, वर एकच झडप. पाच माणसांच्या अंघोळी साडेसहा ते आठमध्ये उरकायच्या. दीर म्हणतात गॅस, हे म्हणतात लाईटवरचा. तुमचा अनुभव सांगा.

कोथरूडकर
ताई, डोळे झाकून गॅसचा घ्या. आमच्याकडे अकरा वर्षं आहे. हिशोब बघा: २० लिटरची बादली १८ अंशांवरून ४२ वर न्यायला अर्ध्या युनिटहून थोडी जास्त उष्णता लागते. तेवढ्याला गॅस लागतो साधारण ५५ ग्रॅम, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये अडीचशेच्या वर बादल्या. विजेचा स्लॅब चढला की तीच बादली महाग पडते. शिवाय नळ सोडला की गरम पाणी, पाचव्या माणसालाही थांबावं लागत नाही.

नाशिकची_मावशी
डोळे झाकून घ्या असं कृपा करून कुणाला सांगू नका. माझ्या धाकट्या बहिणीकडे गॅस गिझर बाथरूममध्येच होता. थंडी म्हणून झडपेला वर्तमानपत्र चिकटवलेलं. भाची अंघोळीला गेली, वीस मिनिटं झाली तरी हाकेला ओ नाही. दार फोडलं तेव्हा ती भिंतीला टेकून बेशुद्ध पडलेली. नशिबाने वाचली. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर कळतो, कारण त्यात मुद्दाम वास मिसळलेला असतो. हा मात्र कळतच नाही, माणूस बसल्या जागी गळून पडतो. ७९ वर्षांची बाई आतून कडी लावून अंघोळ करणार, याचा विचार करा.

कोथरूडकर
मावशी, वाचून अंगावर काटा आला. पण दोष जागेचा आहे. आमचा बाहेर गॅलरीत आहे, बाथरूममध्ये फक्त पाइप येतो. तिथे धोका बराच कमी.

ठाण्याचा_वायरमन
मी रोज जुन्या घरांचे बोर्ड उघडतो. लाईटवाल्यांनी पण हे ऐका. दोन किलोवॅटचा गिझर साडेआठ-नऊ अँपिअर ओढतो, तीन किलोवॅटचा तेरा. त्या काळच्या घरांत बऱ्याचदा ॲल्युमिनियमची वायर असते आणि अर्थिंग नावालाच. गेल्या आठवड्यात एके ठिकाणी सॉकेटची पिन काळी पडली होती, मागचं प्लास्टिक बोटाने चुरलं. मेन बोर्डपासून तांब्याची स्वतंत्र लाइन ओढा, अर्थिंग मोजून घ्या, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाईट तोडणारा स्विच) बसवा. आणि पार्टिशनच्या चार इंची भिंतीवर २५ लिटरचा टांगू नका, पाण्याचं वजनच २५ किलो.

कोथरूडकर
म्हणजे भिंत फोडा, लाइन ओढा, वर बिल भरा. खर्चाचं कुणीच बोलत नाही. पाच जणांना १५ लिटरची टाकी पुरते का? तिसरा माणूस कुडकुडत बसतो.

ठाण्याचा_वायरमन
१५ लिटरचा दोन किलोवॅटवर पुन्हा पूर्ण तापायला वीस-बावीस मिनिटं लागतात. दोन अंघोळींत तेवढं अंतर ठेवलं तर भागतं. सासूबाईंना सगळ्यात आधी जाऊ द्या.

सदाशिवपेठ_तिसरा मजला
गॅलरीचं वाचून आधी बरं वाटलं, मग उठून गॅलरी बघितली. २००४ मध्ये आम्ही तिला स्लायडिंग खिडक्या लावल्या, थंडीत त्या बंदच असतात. तिथेच सासूबाईंचा पलंग आहे.

नाशिकची_मावशी
मग तीसुद्धा बंद खोलीच झाली ग. गॅसचा विषय सोड.

कोथरूडकर
तिथे पलंग असेल तर मीही नको म्हणेन. पण ज्यांची गॅलरी उघडी आहे, त्यांना मी आजही गॅसच सांगेन.

सदाशिवपेठ_तिसरा मजला
दिरांना मावशींचा प्रतिसाद वाचून दाखवला, ते काही बोलले नाहीत. रविवारी वायरमन येतोय, आधी अर्थिंग मोजायला सांगणार आहे. रॉड आजच माळ्यावर टाकला. तोवर पाणी गॅसच्या शेगडीवर पातेल्यात तापवतेय, स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवून.